मलेरिया एक नव्हे, दोन: मुंबईचा वेगळा, गडचिरोलीचा वेगळा

जुलै उजाडला की मुंबईत पालिकेचे आकडे यायला लागतात. मलेरिया इतके, डेंग्यू इतके, लेप्टो इतके. त्याच सुमाराला विदर्भातल्या वर्तमानपत्रांत गडचिरोलीच्या बातम्या दिसतात: भामरागडकडे तापाचा उद्रेक, आश्रमशाळेतली मुलं फणफणलेली. राज्यातल्या मलेरियाच्या यादीत ही दोन नावं कित्येक वर्षं वरच्या ओळीत आहेत. एक देशातलं सर्वांत श्रीमंत शहर, दुसरा राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाचा जंगलाचा जिल्हा. मधल्या बऱ्याचशा महाराष्ट्रात मलेरियाचा पेशंट आता फारसा सापडत नाही.

आजार एकच असेल तर अशी दोन टोकं कशी? खरं सांगायचं तर आजार एकच नाही. परजीवी वेगळा, डास वेगळा, औषध वेगळं आणि जिवाला असलेला धोकाही वेगळा. सरकारी फायलीत दोघांनाही 'हिवताप' म्हणतात आणि आपण दोघांनाही मलेरिया म्हणतो, म्हणून सगळा घोळ होतो. दादरच्या माणसाला 'चौदा दिवस गोळ्या घे' सांगतात आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसाला तीन दिवसांचं पाकीट देतात, तेव्हा कुणीतरी चुकतंय असं वाटतं. दोघंही बरोबर असतात.

डास चावला त्या रात्री काहीच होत नाही

मलेरिया होतो प्लाझमोडियम नावाच्या एकपेशीय जिवामुळे. तो दुसऱ्याच्या शरीरावर जगतो म्हणून त्याला परजीवी म्हणायचं. हा जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही, त्यामुळे मागच्या सर्दीत उरलेल्या ॲन्टिबायोटिकच्या पट्टीनं तो बरा होत नाही. माणसाला छळणाऱ्या याच्या मुख्य जाती पाच. आपल्याला त्यातल्या दोनच लक्षात ठेवायच्या आहेत: व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. लॅबच्या कागदावर त्या 'पी. व्ही.' आणि 'पी. एफ.' म्हणून येतात. मुंबईत बहुतेक रुग्ण व्हायवॅक्सचे, गडचिरोलीत बहुतेक फॅल्सिपेरमचे.

परजीवीची ने-आण करते ॲनोफिलीस डासाची मादी. नर रक्त पीतच नाही. मादीला अंडी घालायला रक्त लागतं आणि ती ते शक्यतो रात्री पिते. मलेरियाच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढतो, पोटाच्या भिंतीवर गाठी धरतो आणि मग लाळेच्या ग्रंथीत पोचतो. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात ज्या गाठी पाहिल्या त्या याच. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. बहुतेक डास दोन आठवडे जगतच नाहीत, म्हणजे आपल्याला धोका असतो तो त्यातल्या म्हाताऱ्या माद्यांकडून. ही गोष्ट पुढे धूरफवारणीच्या वेळी कामाला येईल.

अशी म्हातारी मादी चावली की लाळेतून मोजके परजीवी, काही डझन म्हणा, आपल्या अंगात उतरतात. अर्ध्या-पाऊण तासात ते लिव्हर गाठतात. तिथे आठवडाभर किंवा थोडं जास्त त्यांचं काम चालतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. लिव्हरच्या एकेका पेशीत एकाचे हजारो होतात. मग ते रक्तात उतरतात, लाल पेशीत शिरतात, आतलं हिमोग्लोबिन खातात, वाढतात आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतात. प्रत्येक जण नवी पेशी धरतो. पेशी एकदम फुटल्या की आतला सगळा कचरा रक्तात येतो आणि माणसाला हुडहुडी भरते. वर तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. तास-दीड तासानं थंडी जाते आणि १०३-१०४ ताप चढतो. शेवटी दरदरून घाम फुटतो, कपडे भिजतात आणि माणूस गळून झोपी जातो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, तो कामावरही जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा झाला पुस्तकातला मलेरिया. प्रत्यक्षात पहिले काही दिवस सगळ्या परजीवींचं वेळापत्रक जुळलेलं नसतं, त्यामुळे ताप रोज येऊ शकतो, दिवसातून दोनदाही येतो. फॅल्सिपेरम तर वेळापत्रक फारसं पाळतच नाही. ताप दिवसाआड येत नाही एवढ्यावरून 'मलेरिया नाही' असं ठरवता येत नाही.

चावा आणि ताप यांच्यात दहा-पंधरा दिवस जातात हेही ध्यानात ठेवावं. गणपतीला किंवा लग्नाला गावी, जंगलात, परराज्यात जाऊन आलात आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी प्रवासाचं आपण सांगावं. पुण्यातल्या डॉक्टरला समोरच्या माणसात फॅल्सिपेरम असेल अशी शंका सहसा येत नाही.

व्हायवॅक्स: लिव्हरमधले गणंग

मटकी भिजवून फडक्यात बांधली की सकाळी बहुतेक दाण्यांना मोड आलेले असतात. चार-दोन दाणे मात्र टणक राहतात. ते गणंग. व्हायवॅक्सचे परजीवी लिव्हरमध्ये उतरतात तेव्हा असंच होतं. काहींना लगेच मोड येतात, ते रक्तात उतरून ताप आणतात. काही गणंग राहतात आणि लिव्हरच्या पेशीत निपचित पडून राहतात. फरक इतकाच की हे गणंग पुढे कधीतरी मोड धरतात: काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानंही. मग नवा डास न चावताच मलेरिया उलटतो.

'मला मलेरिया दर वर्षी होतो, माझ्या रक्तातच आहे' असं सांगणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. बऱ्याचदा तो रक्तात नसतो, लिव्हरमध्ये असतो.

यातूनच गोळ्यांचा हिशेब सुटतो. व्हायवॅक्सवर भारतात पहिलं औषध क्लोरोक्विन, तीन दिवस. ते रक्तातले परजीवी मारतं आणि ताप उतरतो. लिव्हरमध्ये झोपलेल्यांना ते हातही लावत नाही. त्यांच्यासाठी दुसरी गोळी आहे, प्रायमाक्विन, आणि ती रोज एक वेळ अशी चौदा दिवस घ्यायची असते. खरी गोम इथेच आहे. ताप जातो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी माणूस कामावर. सातव्या दिवशी गोळीनं पोटात कसंतरी होतं, उपाशीपोटी घेतली तर जास्तच. आठव्या दिवशी पट्टी फ्रिजवर जाते आणि तिथेच राहते. डॉक्टरांच्या दृष्टीनं उपचार झाला, पेशंटच्या दृष्टीनं आजार गेला, आणि लिव्हरमधल्यांच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नाही. जेवून गोळी घेतली तर पोटाचा त्रास बराच कमी होतो, एवढं एक वाक्य औषध देताना नीट सांगितलं तरी पुष्कळ पट्ट्या संपतील असं मला वाटतं.

'ही गोळी गरम पडते, बाधते' अशी तक्रार असते, आणि ती निव्वळ भ्रम नाही. काही लोकांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. ते पेशीचं रक्षण करतं. ज्यांच्यात ते कमी, त्यांच्या पेशी प्रायमाक्विननं फुटू शकतात, लघवी कोकमाच्या सारासारखी किंवा काळपट होते आणि रक्त झपाट्यानं कमी होतं. ही उणीव आईकडून येते आणि पुरुषांत जास्त दिसते. मुंबईतल्या पारशी समाजात आणि देशातल्या काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते. ती असेल तर डॉक्टर वेगळ्या पद्धतीनं गोळी देतात किंवा टाळतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. बाकीच्यांनी मात्र लघवीच्या रंगावर नजर ठेवून चौदा दिवस पुरे करायचे. एकाच डोसात हे काम करणारं टॅफेनोक्विन नावाचं औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण ते शरीरात फार दिवस टिकतं, त्यामुळे ते देण्याआधी ही तपासणी जास्तच काटेकोरपणे करावी लागते.

फॅल्सिपेरम: तीन दिवसांत खेळ बदलतो

फॅल्सिपेरममध्ये हे झोपणं नाही. लिव्हरमधून सगळे एकदमच बाहेर पडतात, म्हणून चौदा दिवसांची गोळीही लागत नाही. पण तो जीव घेतो, याची कारणं दोन.

पहिलं, व्हायवॅक्सला फक्त कोवळ्या लाल पेशी चालतात आणि त्या एकूण पेशींच्या एक-दोन टक्केच असतात. त्यामुळे त्याची वाढ आपोआप आटोक्यात राहते. फॅल्सिपेरमला कोणत्याही वयाची पेशी चालते. दर ४८ तासांनी एकाचे दहा-वीस होत गेले तर आठवड्याभरात काय होईल याचा हिशेब कागदावर मांडून बघा.

दुसरं कारण जास्त बेरकी आहे. आपल्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा असते. बिघडलेल्या पेशी गाळून काढणं हे तिचं काम. फॅल्सिपेरम आपण शिरलेल्या पेशीच्या बाहेर चिकट प्रथिनांचे उंचवटे काढतो. त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात, त्यामुळे प्लीहेपर्यंत जातच नाहीत. परजीवी वाचतो, पण रक्तवाहिनी तुंबते. मेंदूत तुंबली तर मुलाला झटके येतात, शुद्ध जाते. मूत्रपिंडात तुंबली तर लघवी थांबते. गरोदर बाईच्या वारेत पेशी चिकटल्या तर बाळाला पोषण कमी पडतं आणि ते कमी वजनाचं जन्मतं, कधी गर्भपात होतो.

तापासोबत गुंगी, बरळणं, झटके, धाप, कावीळ, लघवी कमी होणं, सतत उलट्या, उठून बसताही न येणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. अशा रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट देतात. त्याचं मूळ आर्टेमिसिनिन हे चीनच्या तू यूयू यांनी १९७०च्या दशकात एका जुन्या देशी वनस्पतीतून वेगळं केलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. साध्या फॅल्सिपेरमवर याच औषधाची दुसऱ्या औषधाशी जोडी करून तीन दिवस गोळ्या दिल्या जातात. आशाताईंच्या पिशवीत या गोळ्यांची वयाप्रमाणे रंगीत पाकिटं असतात, तान्ह्याचं गुलाबी, मोठ्या माणसाचं पांढरं. अक्षर न वाचताही चूक होऊ नये म्हणून. सोबत प्रायमाक्विनचा एकच डोस असतो, पण तो रुग्णाच्या बरं होण्यासाठी नसतो. रक्तात डासांसाठी तयार झालेले परजीवी तो मारतो. म्हणजे ही एक मात्रा शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घ्यायची.

व्हायवॅक्स मग निरुपद्रवी का? अजिबात नाही. मुंबईच्या अतिदक्षता विभागांत व्हायवॅक्सचेही रुग्ण पोचतात, आणि पुन्हा पुन्हा उलटून लहान मुलांना तो पांढरंफटक करून सोडतो. मरणाचा धोका मात्र दोघांत फारच वेगळा आहे. जगाचा हिशेब घेतला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. बहुतेक आफ्रिकेतली, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं, आणि कारण मुख्यतः फॅल्सिपेरम.

मुंबईचा डास गटारात राहत नाही

गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. चावून हैराण करतो, पण मलेरिया देत नाही. मुंबईचा मलेरियाचा डास ॲनोफिलीस स्टीफन्सी, आणि त्याला लागतं स्वच्छ पाणी. सोसायटीच्या गच्चीवर चढून बघा. काळ्या टाकीच्या झाकणाचा आटा गेलेला, वर वीट ठेवलेली. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी नाही. बॅटरीचा उजेड पाण्यावर तिरका मारला की पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या बारीक काड्या हलताना दिसतात. त्या ॲनोफिलीसच्या अळ्या. क्युलेक्सच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. ज्या पाण्यानं आपण भात शिजवतो त्याच पाण्यात हे चाललेलं असतं.

हे शंभर वर्षांपूर्वीही माहीत होतं. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला तेव्हा बोट ठेवलं होतं विहिरींवर. त्या बुजवायच्या की झाकायच्या यावर शहरात मोठा वाद झाला, कारण बऱ्याच विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डासानं पत्ता बदलला.

आता त्यात भर बांधकामांची. स्लॅब टाकला की त्यावर सिमेंटची आळी करून पाणी साठवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, तळघरात पाणी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात आणि बांधकामावरचं पाणी महिनोन्महिने असतं. तिथेच पत्र्याच्या खोल्यांत मजूर झोपतात. त्यातले काही झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातून परजीवी घेऊन आलेले असतात. मग 'मजूर मलेरिया आणतात' असं ऐकू येतं. अर्धं खरं आहे. परजीवी कुणी तरी आणतो, पण डास बिल्डरच्या खड्ड्यात तयार होतो, आणि खड्डा झाकणं मजुराच्या हातात नाही. गोव्यात बांधकामांच्या तेजीत मलेरिया पसरला तेव्हा मजुरांसाठी आरोग्य कार्ड आणि रक्ततपासणी सक्तीची झाली. त्याच्या जोडीला साचलेल्या पाण्यावर काम झालं म्हणून आकडे खाली आले.

जाता जाता: हा आपला टाकीतला डास २०१२ साली आफ्रिकेच्या जिबुतीत सापडला, पुढे इथिओपियात गेला. तिकडचा मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. शहरं आता घाबरून आहेत.

गडचिरोलीत टाकी शोधून उपयोग नाही

तिथे डास वेगळे. डोंगरउतारावरचे झरे-ओहोळ, नदीपात्रातली डबकी, भातखाचरं यांत ते वाढतात. जंगलातला प्रत्येक झरा कोण झाकणार? तिथे इलाज माणसाच्या बाजूनं करावा लागतो: औषध लावलेली मच्छरदाणी, घराच्या आतून भिंतींवर फवारणी आणि ताप आल्याबरोबर गावातच तपासणी.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात फवारणीवाले येऊन गेले की सणाला भिंत सारवली जाते आणि औषध मातीखाली जातं. देवाच्या खोलीत फवारू देत नाहीत. धान राखायला माणूस रात्री शेतातल्या मांडवावर झोपतो, मच्छरदाणी घरी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मुक्काम जंगलात. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर येतो, भामरागडचा पूल पाण्याखाली जातो, पलीकडची गावं काही दिवस तुटतात. दर वर्षीची बातमी आहे ही. फॅल्सिपेरम तीन-चार दिवसांत गंभीर होऊ शकतो आणि रस्ता सुरू व्हायची वाट बघत तेवढे दिवस जातात. हेमलकसा आणि शोधग्राम इथे डॉक्टरांनी उभी केलेली कामं याच कारणानं जीव वाचवणारी ठरली: दवाखाना शहरात न ठेवता त्यांनी तो लोकांच्या जवळ नेला.

गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो हा योगायोग नाही. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचा गुण आलेल्या माणसाला गंभीर फॅल्सिपेरम सहसा होत नाही, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवलं. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या तो गुण टिकला तो त्यामुळे. पण दोघांकडूनही आलेला, म्हणजे सिकलसेलचा प्रत्यक्ष रुग्ण असेल, तर त्याला मलेरिया जास्तच घातक ठरतो.

'पण माझी टेस्ट निगेटिव्ह आली होती'

काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब आणि एक पातळ पसरवलेला थर घेतात, रंग चढवतात आणि तेलाच्या भिंगाखाली बघतात. तंत्रज्ञ शंभर-दोनशे दृश्यं सरकवत जातो. लाल पेशीत निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका, खड्याच्या अंगठीसारखं, दिसलं की परजीवी सापडला. हे काम डोळ्यांचं आहे आणि संध्याकाळच्या रांगेत थकलेले डोळे चुकतात. झटपट किटवर दोन थेंबांत पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते, पण तिलाही मर्यादा आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये शंभरेक परजीवी असल्याशिवाय ती नीट उमटत नाही. शरीरात पाच लिटर रक्त धरलं तर एकूण परजीवी पन्नास कोटींच्या घरात असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ताप चालूच असेल तर एक-दोन दिवसांत पुन्हा रक्त द्यावं. आणि अंदाजानं गोळ्या सुरू करण्याआधी द्यावं, नंतर शोधणं अवघड जातं.

उलटही होतं. फॅल्सिपेरमचं किट ज्या प्रथिनावर चालतं ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. बरा झालेला माणूस किटवर पॉझिटिव्ह दिसतो.

'प्लेटलेट कमी आहेत, म्हणजे डेंग्यूच ना?'

मलेरियातही प्लेटलेट उतरतात, चांगल्याच उतरतात. फक्त तेवढ्यावरून डेंग्यू म्हणून पपईच्या पानांचा रस सुरू केला आणि मलेरियाची तपासणी राहिली, असं होता कामा नये. डेंग्यूला नेमकं औषध नाही, मलेरियाला आहे, म्हणून मलेरिया चुकवणं महागात पडतं. 'मलेरिया आणि टायफॉईड दोन्ही निघालेत' हेही आपल्याकडचं खास निदान. टायफॉईडसाठी करतात ती विडाल नावाची तपासणी जुन्या संसर्गानं, लसीनंही पॉझिटिव्ह दिसू शकते. दोन्ही आजार एकदम झालेली माणसं असतात, पण आपल्या गल्लीत निघतात तितकी नक्कीच नसतात.

'मग पालिका धूर का मारत नाही?'

मारते, कारण नगरसेवकाकडे मागणी धुराचीच असते. धुराचा आवाज येतो, वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. धूर त्या क्षणी उडत असलेले डास मारतो. घरात कपाटामागे बसलेल्या मादीला आणि टाकीतल्या अळीला त्याचा पत्ता नसतो. आता मघाची म्हातारी मादी आठवा. आपल्याला सगळे डास मारायचे नसतात, त्यांना दोन आठवडे जगू द्यायचं नसतं. भिंतीवरची फवारणी हेच करते: रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते आणि मरते. शहरात टाकी झाकणं, आठवड्यातून एक दिवस भांडी-पिंपं रिकामी करून कोरडी ठेवणं, कारंज्यात नि हौदात गप्पी मासे सोडणं हे कंटाळवाणं काम जास्त उपयोगी. साथ भडकली असताना धुराला जागा आहे, रोजच्या कामात नाही.

'लस पुण्यात बनते, मग आपल्याला का नाही?'

आर-ट्वेंटीवन ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली आणि २०२४च्या जुलैत आयव्हरी कोस्टपासून मुलांना ती द्यायला सुरुवात झाली. तिच्या आधी २०२१ साली आरटीएस-एस या लसीची शिफारस झाली होती. दोन्ही लसी फॅल्सिपेरमच्या विरुद्ध आहेत, चार डोस लागतात आणि मुख्य उद्देश पाच महिन्यांपुढच्या मुलांचे जीव वाचवणं हा आहे. संरक्षण काळानुसार उतरतं. मुंबईच्या व्हायवॅक्सवर त्या चालत नाहीत. जिथे एकेका मुलाला वर्षातून दोन-तीनदा मलेरिया होतो तिथे अशी लस मोठा फरक पाडते. पुण्यात राहणाऱ्या मुलाला ती देऊन फारसं काही साधणार नाही. गडचिरोलीच्या काही तालुक्यांपुरता प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण तिथेही आज पोचायला हवी ती आधी मच्छरदाणी आणि किट.

'एकदा झाला की अंगात ताकद येते'

थोडी येते, टिकत नाही. सतत चावे खात वाढलेल्या माणसाला ताप सौम्य येतो किंवा येतच नाही. परजीवी मात्र रक्तात असतो आणि डासाला मिळत राहतो. तोच माणूस पाच वर्षं शहरात शिकून गावी परतला की त्याला पुन्हा कडक मलेरिया होऊ शकतो.

हा बिनतापाचा रुग्ण २०३०च्या वाटेतला सर्वांत अवघड अडथळा आहे. भारतानं २०२७पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणायचा आणि २०३०पर्यंत मलेरिया हद्दपार करायचा असं ठरवलं आहे. अशक्य नाही. श्रीलंकेला २०१६ साली, चीनला २०२१ साली, इजिप्तला २०२४ साली मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आपण स्वतः एकदा फार जवळ गेलो होतो. १९४७च्या सुमाराला देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ला नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली, आणि १९६५च्या सुमाराला आकडा लाखाच्या आसपास आला. मग डास डीडीटीला सरावले, औषधांचा पुरवठा अडला, शहरांकडे लक्ष गेलं नाही, आणि रुग्णच नाहीत म्हटल्यावर यंत्रणाही सैलावली. १९७६ साली चौसष्ट लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

आता पुन्हा आकडे खाली आहेत, आणि उरलेला परजीवी ताप न येणाऱ्यांत लपलेला आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये छत्तीसगडनं २०२०पासून घरोघर जाऊन सगळ्यांचंच रक्त तपासलं, ताप असो वा नसो. पहिल्या फेरीत पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना काहीही त्रास नव्हता. डास जिल्ह्याची आणि राज्याची हद्द पाळत नाही, त्यामुळे अलीकडच्या गावांतही हेच करणं भाग आहे. मुंबईत त्याचं रूप वेगळं असेल: बांधकामावर नव्यानं आलेल्या माणसाचं रक्त पहिल्या आठवड्यात तपासणं, आणि व्हायवॅक्स निघाला तर चौदाव्या दिवशी त्याची पट्टी रिकामी झाली का हे जाऊन बघणं, तो तोवर दुसऱ्या साइटवर गेला असला तरी. एटापल्लीकडे हे काम आशाताईचं आहे. धडधाकट, शेताला निघालेल्या माणसाला दारात थांबवून बोटाला सुई टोचून घ्यायला राजी करायचं, आणि रेघ उमटली तर तीन दिवसांच्या गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या.